ब्रोकोलीची हजामत

आज शेगडीला सुट्टी, असं सूनबाईंनी सकाळीच जाहीर करून टाकलं होतं. उकाडा असा, की स्वयंपाकघरात नुसतं उभं राहिलं तरी माणूस शिजावा. तेव्हा संध्याकाळी कच्च्या ब्रोकोलीचं सॅलड. आबांनी मुकाट्याने मान डोलावली. दात अजून शाबूत होते, तक्रारीला जागा नव्हती.

आबांची उभी हयात सलूनमध्ये गेली. अख्ख्या गल्लीची डोकी त्यांच्या हाताखालून गेली होती. हाती लागलं नव्हतं ते एकच, घरातलं. तीन वर्षांच्या नातीचे, भिंगरीचे केस डोळ्यांवर यायला लागले म्हणून मागे त्यांनी मोठ्या हौसेने कात्री काढली, आणि तिने असा टाहो फोडला की शेजारी धावत आले. केस राहिले बाजूलाच, तेव्हापासून ती आबांच्या मांडीवरही बसेना. आबांनी कात्री कपाटात टाकली, पण पोरीने त्यांच्या बोटांचाच धसका घेतलेला. ते वरवर हसत, पण रिकामी मांडी सलत होती.

सूनबाईंच्या सुरीखाली ब्रोकोलीचा भुगा होऊन ओट्यावरून पार फरशीवर पोचला, तेव्हा आबांना राहवेना. दुधाच्या पिशव्या कापायची कात्री त्यांनी घासून घेतली, टेबलाशी बसून धुऊन पुसलेला दुसरा गड्डा ताटात उभा केला आणि सवयीने त्याच्या गळ्याभोवती नॅपकिन गुंडाळला.

“बोला साहेब, बारीक करू की मध्यम?”

टेबलाखालून भिंगरीचं डोकं वर आलं. हा रडत कसा नाही, असं तिने विचारलं. आबा म्हणाले, जुनं गिऱ्हाईक आहे, कटकट नाही.

कचकच करत एकसारखे तुरे ताटात पडू लागले. शेजारी सूनबाई घट्ट दही, साय, मध, लिंबू आणि मिरपूड फेटत होत्या; वरून पेरायला बेदाणेही काढून ठेवले होते. आता साहेबांची दाढी, असं आबा म्हणाले आणि चमचाभर फेस त्यांनी गड्ड्याला फासला. भिंगरी खिदळली. तिला वाडगं बघायचं होतं, आणि वाडग्यापर्यंत पोचणारी जागा एकच होती, आबांची मांडी. ती त्यांच्या गुडघ्याशी घुटमळली.

“माझे कापायचे नाहीत.”

“तुमचा नंबरच लागलेला नाही,” आबा म्हणाले.

ती चढली. आबांनी श्वाससुद्धा जपून घेतला. पण वाडगं चाटायला ती वाकली आणि झिपऱ्या थेट दह्यात बुडाल्या. मधाने त्या डोळ्याला चिकटल्या. तिने त्या ओढून पाहिल्या, चाटून पाहिल्या. मग बराच विचार केला.

“आबा, एवढेच काढ. हे खराब झालेत.”

सूनबाईंचा हात थांबला. आबांनी हातातल्या बोथट कात्रीकडे पाहिलं. चांगली कात्री कपाटात होती. पण उठलो तर मांडी गेली. सूनबाईंनी वाडगं आणि तुऱ्यांचं ताट झटकन बाजूला ओढलं. आबांनी दोन बोटांत बट धरली आणि कच.

“बास,” भिंगरी म्हणाली.

एक बाजू भुवईच्या वर, दुसरी अजून डोळ्यात. असं डोकं दुकानातून बाहेर पडलं असतं, तर आबांनी पाटीच उतरवली असती.

“आणि दुसरी बाजू?” सूनबाईंनी हसू दाबत विचारलं.

“राहू दे. गिऱ्हाईक परत येईल.”

गिऱ्हाईक कुठे गेलंच नव्हतं. मांडीवर ऐसपैस बसून ते सॅलडमधले बेदाणे वेचून खात होतं.