डावीकडेच जाणारा बाण

मी बाण बोलतोय, आणि चिडूनच बोलतोय. गोड बोलायचा माझा मूड केव्हाच गेला.

लखनौच्या तेलीबागेत मधुसूदनराव राहतात. बँकेतून रिटायर झाल्यावर त्यांना शिकारीच्या जुन्या पद्धतीच्या धनुष्याचं वेड लागलं. शिकार कसली, अंगणातल्या चिंध्या भरलेल्या पोत्याची! पाहता पाहता त्यांच्या पत्नी अरुणाबाईही शिकल्या आणि त्यांच्याहून सरस निघाल्या. पण खांद्याचं ऑपरेशन झालं, जड धनुष्य ओढवेना. म्हणून त्यांनी हलकं आणलं, आणि रावांनी त्यासाठी हौसेनं मला घडवलं.

बांबूची कांडी गॅसवर शेकून सरळ केली, मागे पिसं चिकटवली. "ऐसा मजबूत केलाय ना, तुटायचं नावच नको!" असं शेजाऱ्यांना सांगत सुटले. अहो, पण इतका जाडजूड कशाला? सुटताना बाणाला जरा लवावं लागतं, तरच तो धनुष्याला वळसा घालून सरळ जातो. हलक्या धनुष्यात मला लववायची ताकदच नाही. मग मी जातो डावीकडे. दर वेळी डावीकडे!

"तुझी बोटं नीट सुटत नाहीत," राव म्हणायचे. मग मला स्वतःच्या जड धनुष्यावर चढवून पोत्याच्या मधोमध मारायचे. "देख लिया? बाणात काही खोट नाही." डोकं फिरायचं माझं!

अरुणाबाईंना ते खरं वाटायला लागलं. परवा माझ्यामुळे तुळशीची कुंडी फुटली, तशी त्यांनी धनुष्याची दोरीच उतरवली. "जाऊ द्या. आता माझ्याच्यानं होत नाही." इतकं वाईट वाटलं मला!

पण आज सकाळी त्यांनी दोरी पुन्हा चढवली आणि धनुष्य रावांच्या हातात दिलं. "अहो, एकदा याच्यावरून मारून दाखवा."

राव हसत हसत उभे राहिले. मी गेलो डावीकडे, थेट भिंतीवर.

अरुणाबाईंनी पॉलिश पेपर घेतला. मला घासून जरा बारीक करायचं, मारून बघायचं, पुन्हा घासायचं. सोलवटून निघालो, पण हूं की चूं केलं नाही. दुपारी त्यांनी नेम धरला आणि मी पोत्याच्या मधोमध रुतलो. त्यांचे डोळे भरून आले.

आणि राव काय म्हणाले असतील? "बघ, बाण कसला फर्स्टक्लास बनवलाय मी!"

अहो राव, हात जोडतो, माझं कौतुक पुरे. "अरुणा, तुझी बोटं ठीकच होती," एवढं एकदा म्हणा की हो!