पाणी किती, ते मला विचारा

मी एल्बे नदीतली मोजपट्टी बोलतेय. हॅम्बुर्गला जाणारी कंटेनरची जहाजं माझ्यासमोरून जातात आणि मी लाकडी धक्क्याला टेकून एका जागी उभी असते. अंगावर काळेपांढरे आकडे. भरतीला ते बुडतात, ओहोटीला उघडे पडतात.

काम साधं वाटेल. पण जहाज केवढं आणि पाणी केवढं, हा मेळ चुकला तर नदीच बंद. मोठ्या जहाजाचं पोट तेरा मीटर खोल जातं. भरतीबरोबर ते आत येतं आणि पाणी थोडं कमी पडलं तरी गाळात रुततं.

माझे आकडे वाचायला बंदरातला हार्म यायचा, रोज सकाळी, ब्रश घेऊन. "मॉइन, म्हातारे," असा इकडचा रामराम घालून "आज पण पारोशीच का?" म्हणत माझ्यावरचा गाळ घासून काढायचा, आकडा वाचायचा आणि बंदराच्या कचेरीत फोन करायचा. पुढे शेजारी यंत्र बसलं आणि हार्मला घरी बसवलं. तरी तो येतच राहिला. बायको वेड्यात काढते, हेही मलाच सांगायचा.

एका फेब्रुवारीत चार दिवस पूर्वेचा वारा सुटला. असा वारा आमचं पाणी समुद्रात ढकलतो. ओहोटीला हार्मने माझा आकडा वाचला, मग यंत्राचा. यंत्र अर्धा मीटर जास्त दाखवत होतं. त्याने कचेरीतल्या गेशेला फोन लावला.

"गेशे, ते मोठं धूड आज आत घेऊ नकोस. पाणी नाहीये."

"हार्मकाका, यंत्र म्हणतंय आहे. तुम्ही चष्मा लावलाय ना?"

"लावलाय, आणि पुसलाय पण. तुझ्या यंत्राच्या नळीत गाळ बसलाय, आतलं पाणी उतरतच नाहीये. माणूस पाठवून बघ."

"थांबवते. पण काका, चुकलात तर शिव्या मी खाणार."

दुपारी माणसं आली. नळीतून बादलीभर गाळ निघाला. जहाज समुद्रातच थांबलं होतं. वारा पडल्यावर दुसऱ्या दिवशी ते माझ्यासमोरून सुखरूप गेलं, तेव्हा हार्मचा हात माझ्या डोक्यावर होता. त्या दिवसाइतका आनंद मला पुन्हा झाला नाही.

मग दुसरं यंत्र आलं, पहिल्यावर लक्ष ठेवायला. मला कुणी काढलं नाही, विचारलंही नाही. गेल्या हिवाळ्यापासून हार्म आला नाही. एकदा गेशे आली, धक्क्यावर उभी राहिली. "काका गेले गं," एवढंच म्हणाली आणि परत फिरली.

जहाजं जातात, त्यांच्या लाटा अंगावर येतात. मला फार एकटं वाटतं. माझे आकडे आता गाळाखाली झाकलेत. पाणी किती आहे, हे मला अजूनही पक्कं ठाऊक असतं. पण कुणी पुसल्याशिवाय मला सांगता येत नाही. कधी इकडे आलात, तर येताना एक ब्रश आणा.