महिपतीच्या तब्येतीचा दाखला

वाल उपटायचे दिवस होते. हायवेवरच्या खांब गावापासून दीड मैल आत आमची वाडी आणि माझ्या शेताला लागून महिपतीचं शेत. मी बांधावर तंबाखू मळत बसलो होतो. पलीकडे महिपती खाली मान घालून वाल उपटत होता आणि त्याची बायको हौसा एका हातात कागद धरून त्याच्याशी भांडत होती. म्हणजे भांडत ती एकटीच होती. महिपतीशी भांडायचं तर दोन्ही बाजूंचं आपणच बोलावं लागतं.

"गोविंदभावजी, हिकडं या जरा," तिनं मला हाक मारली. "तुमच्या अक्षराला मिल्ट्रीचं उत्तर आलंय."

मी कागद वाचला. लिहिलं होतं, की ग्रामपंचायतीच्या दाखल्यानुसार अर्जदाराची प्रकृती उत्तम असून त्यास कोणताही आजार नाही. सबब अपील कशासाठी केले आहे याचा बोध होत नाही. वेगळा पुरावा असल्यास एक महिन्यात पाठवावा.

तो दाखला माझाच. पंचायतीत मी सव्वीस वर्षं कारकुनी केली. दाखला म्हणजे माणसाबद्दल चांगलं लिहायचं, एवढं मला कळतं. महिपती हे शांत, निर्व्यसनी, हसतमुख व धडधाकट गृहस्थ असून एकटे चार माणसांचे काम करतात, असं मी लिहिलं. बाबाजी सरपंचानं "वा!" म्हणून शिक्का मारला. शेजाऱ्यासाठी काहीतरी केलं म्हणून त्या दिवशी मी जरा जास्तच जेवलो.

महिपती फौजेत ड्रायव्हर होता. काश्मीरच्या घाटात त्याच्या पुढची गाडी सुरुंगानं उडाली. त्यानंतर त्याला बीपी लागलं, झोप गेली आणि अकराव्या वर्षी त्याला घरी पाठवलं. पेन्शनला पंधरा वर्षं लागतात. बीपी नोकरीमुळे झालंय असं ठरलं तरच पेन्शन आणि लष्करी दवाखाना, पण लष्करी डॉक्टरांच्या बोर्डानं तेव्हा म्हटलं होतं, की हा अंगचाच आजार. आता अलिबागच्या सैनिकांच्या ऑफिसातल्या एका भल्या माणसानं सांगितलं, अपील करा, सोबत गावाचा कागद जोडा. तो कागद हा असा.

"बरोबर लिवलंय की," महिपती वाल न सोडता म्हणाला. "मला काय झालंय?"

"मंग मार्गशीर्षात नाकातून रगत कोनाच्या आलं? माज्या?" हौसा म्हणाली. "रोह्याचा डाक्तर काय म्हनाला? पुढच्या टायमाला नाकातून नाय, डोक्यात फुटंल. आनि तुमी भावजी, हसतमुख म्हनून लिवता!"

"वैनी, हसतो तो," मी म्हणालो.

"मढ्यावर बी हसंल त्यो. त्याला काय इचारता?"

दुसऱ्या दिवशी शाळेच्या पडवीत गाव जमलं. बाबाजीनं मला कोरा कागद दिला आणि सगळ्यांना सांगितलं, की महिपतीचं जे वाईट असेल ते बोला. आमच्या गावात एरवी यासाठी कुणाला बोलवावं लागत नाही. पण महिपती समोर बसलेला, आणि कुणाचं तोंड उघडेना.

एक जण म्हणाला, लिहा, चिडतो. पण तो चिडत नाही. दुसरा म्हणाला, पितो असं लिहिलं तर जरा वजन येईल. हौसानं त्याच्याकडे असं बघितलं, की तो उठून मागच्या रांगेत गेला.

"मी काय म्हनतो," बाबाजी म्हणाला, "गावानं आपल्याच मानसाच्या डोक्यात बिघाड हाय म्हनून शिक्का मारायचा? उद्या त्याच्या पोरीला कोन करंल?"

पोरगी चौथीत होती.

तेवढ्यात धोंडुबाई, साऱ्या गावाची आत्या, उठली. वय सत्तरीच्या पुढं, पण आवाज अजून खांबच्या नाक्यावर जाईल असा. "गोविंदा, म्हशींचं लिव."

"आत्ये, तू बस," बाबाजी घाईनं म्हणाला.

"सा वरसं बसलेच हाय."

आता म्हशींचं सांगायला हवं. महिपती घरी आला त्याच्या दुसऱ्या वर्षी हमरापूरहून गणपती आले. टेम्पो वेशीत शिरला आणि पोरांनी फटाक्यांची माळ लावली. धोंडुबाई नवं लुगडं नेसून आरती घेऊन उभी होती. महिपतीनं झेप घेतली, तिला शेजारच्या भातशेतात चिखलात पाडली आणि तिच्यावर पालथा पडला. माळ संपली, धूर गेला, गणपती घरोघर पोचले, तरी तो तिला उठू देईना. "डोकं खाली, डोकं खाली," एवढंच म्हणत होता. अर्ध्या तासानं ती उठली आणि चिखल पुसत म्हणाली, "पाय घसरला मेल्याचा." मग पुढच्या ग्रामसभेत ठराव झाला, की फटाक्यांनी म्हशी बुजतात, सबब गावात फटाके बंद. ठरावाला अनुमोदन महिपतीनं दिलं होतं. त्याच्या स्वतःच्या दोन म्हशी होत्या.

"म्हशींचं काय?" महिपतीनं विचारलं.

"म्हशी नाय रं बुजत, बाबा," धोंडुबाई म्हणाली. "तू बुजतोस."

महिपती हसला. मग त्यानं बाबाजीकडे बघितलं आणि हसायचा थांबला. बाबाजीचा नाइलाज झाला. तो बोलायला लागला. बाहेरचं वऱ्हाड आलं, की त्याला हायवेवरच गाठून सांगतात, बाजा चालंल, फटाका नाय. डोंगरापलीकडच्या खाणवाल्याशी बोलून ठेवलंय, सुरुंग लावायचा दिवस तो आधी कळवतो, आणि त्या दिवशी महिपतीला कुणीतरी कामाला म्हणून लांब घेऊन जातं.

"कोन घिऊन जातं?" महिपतीनं विचारलं.

मी हात वर केला. काय करणार? गेल्या वर्षात मीच त्याला नऊ वेळा कोलाडला नेला होता, विळ्याला धार लावायला.

"म्हंजी तुजा इळा बोथट नव्हता?"

"नव्हता. धार लावून लावून झिजलाय."

त्यानं हौसाकडे बघितलं. "तुला ठाव व्हतं?"

"मी आनि आत्या दोगी दारोदार गेलो व्हतो," ती म्हणाली. एवढी भांडखोर बाई, पण आवाज अगदी खाली गेला होता.

महिपती म्हणाला, "मला वाटलं, मी बरा झालो."

हे त्यानं कुणाला उद्देशून म्हटलं नाही. पण मला ते फार लागलं. सहा वर्षं त्या माणसाला वाटत होतं, की आपली भीती आपण जिंकली, आणि ते आम्ही एका सकाळी काढून घेतलं, तेही त्याच्या भल्यासाठी. मी कागदाकडे बघत बसलो. अक्षर फिरत होतं, म्हणजे कागद कोराच होता, माझेच डोळे भरले होते.

"लिव, गोविंदा," महिपती म्हणाला. "समदं लिव. गाडीचं बी लिव. पुढं माजी गाडी असायची. त्या दिशी माजा टायर बसला म्हनून मी मागं पडलो. तिघं व्हते तीत." आठ वर्षांत हे त्यानं हौसालाही सांगितलं नव्हतं. ती पदर तोंडाला लावून ऐकत होती.

चार पानं झाली. खाली सह्या आणि अंगठे मिळून साऱ्या गावाचे. खाणवाल्यानंही सही केली, वर विचारलं, की आता पुढचा सुरुंग कधी लावू.

वैशाखात मुंबईच्या लष्करी दवाखान्यात बोर्डासमोर बोलावणं आलं. सोबत मी गेलो. डॉक्टरसाहेबांना मराठी येत होतं. त्यांनी चारही पानं वाचली, मग चष्मा काढला.

"गाव तुमच्यासाठी हे करतं, ते तुम्हाला कधी कळलं?"

"माघात, साहेब. म्या अर्ज केला तवा मी बरा व्हतो."

साहेबांनी त्याचं बीपी एकदा घेतलं, पुन्हा घेतलं, आणि दोन्ही आकडे लिहून ठेवले.

भात लावून झालं तेव्हा निकाल आला. आजार नोकरीमुळेच झाला, असं मान्य केलं होतं. पेन्शन लागू, दवाखाना लागू, अपंगत्व तीस टक्के. मी पडवीत मोठ्यानं वाचून दाखवलं. हौसा मटकन खाली बसली आणि रडायला लागली. मला वाटलं, आता गाव आनंदानं ओरडेल.

"तीसच?" बाबाजी म्हणाला.

"सा वरसं आमी गप ऱ्हायलो ती काय तीस टक्क्यांसाठी?" धोंडुबाई म्हणाली. "आरं, अर्धा तास चिखलात मी व्हते!"

ज्या गावाला माघात एक वाईट शब्द सुचत नव्हता, त्याला आता काय काय सुचायला लागलं. कुणी म्हणालं, अपील करा. कुणी म्हणालं, निदान साठ तरी पायजे. बाबाजी तर शिक्का काढून म्हणाला, "गोविंदा, घे कागद. ठार येडा हाय म्हनून लिव, मी सही करतो."

मी खरंच पेन उघडलं होतं.

महिपती उठला. माझ्या हातातून कागद घेतला, घडी करून हौसाच्या हातात दिला.

"तीस बास झालं," तो म्हणाला. "सत्तर टक्के मी बरा हाय. तेवढं मला ऱ्हाऊ द्या."