डब्यातला आवाज

सूर्यभानरावांनी स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं, स्टीलचा रिकामा डबा तोंडाशी धरला आणि हळूच खाकरून पाहिलं. आवाज बरा घुमत होता.

रोजचं हे काम शेजारच्या अलीमभाईंचं. त्यांच्यासारखी खणखणीत उर्दू अख्ख्या सावेडीत कुणाची नसेल. पण आज ते मुलीकडे श्रीगोंद्याला गेले होते, आणि बाहेर बनूबाई सकाळपासून उपाशी, बंद पडलेल्या रेडिओसमोर देव पाण्यात घालून बसल्या होत्या.

एकाहत्तरच्या लढाईतही त्या अशाच बसल्या होत्या. सूर्यभानरावांचं बॉम्बफेकी विमान शत्रूच्या हद्दीत पडलं आणि घरी ‘बेपत्ता’ अशी तार आली. शत्रूच्या रेडिओवर संध्याकाळी कैद्यांची नावं वाचायचे. त्यात नवऱ्याचं नाव ऐकलं तेव्हा कुठे बनूबाईंच्या घशाखाली घास उतरला. पुढे ते सुटून आले, संसार झाला, नातवंडं झाली. गेल्या दिवाळीपासून मात्र ते सगळं बनूबाईंच्या डोक्यातून पुसलं गेलं. तार तेवढी राहिली.

“भाऊ, लागल्या का बातम्या?” बाहेरून हाक आली.

भाऊ म्हणजे सूर्यभानराव. कैदेतसुद्धा त्यांना कुणी इतकं एकटं पाडलं नव्हतं.

“लागतीलच आता.”

पैशाचं सोंग आणता येत नाही म्हणतात. स्वतःचं सोंग आणणं त्याहून अवघड. त्यांनी आधी दोन-चार मनची नावं वाचली. मग स्वतःची पाळी आली. कैदेत कुणी कितीही विचारलं तरी नाव, हुद्दा आणि नंबर, एवढंच सांगायचं असे. नंबर अजून तोंडपाठ होता. त्यांनी तो सांगितला.

“फ्लाइट लेफ्टनंट सूर्यभान म्हस्के. खैरियत से हैं.”

ते बाहेर आले तेव्हा बनूबाईंनी कुंकवाला बोट लावून ताट पुढे ओढलं होतं.

“आमचे हे जित्ते हायेत, भाऊ. नाव आलं.”

“व्हय. ऐकलं मी.”

“रोज माझ्यासंगं बसता, लई उपकार झाले तुमचे.” त्यांनी अर्धी भाकरी मोडून त्यांच्या हातावर ठेवली. “आता जावा घरी. तुमची मानसं वाट बघत आसतील.”

“जातो,” सूर्यभानराव म्हणाले.

त्यांनी चपला घातल्या, दार ओढून घेतलं आणि भाकरी हातात धरून ते बाहेरच्या पायरीवर, ती झोपायची वाट बघत बसले.