बत्तीस इटालियन वाक्यं आणि एक लझानिया

रोमच्या ट्रिपला तीन आठवडे उरले, तेव्हा माझ्या नवऱ्याने, सिद्धेशने, युद्धपातळीवर इटालियन शिकायला घेतलं. आमची अनिका पाच वर्षांची, आर्य दोनचा. 'पोरांना घेऊन हॉटेलात जेवताना' असा बत्तीस वाक्यांचा तक्ता त्याने बनवला, रंगवला, लॅमिनेटही केला. ऑफिसात तो सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो. टेस्ट केल्याशिवाय हा माणूस नवा टूथब्रशही तोंडात घालत नाही.

म्हणून शनिवारी रंगीत तालीम, इथल्याच, अमेरिकेतल्या आमच्या ट्रॉय गावातल्या एका इटालियन हॉटेलात. मालक म्हातारा, खराखुरा इटलीचा. सिद्धेश छाती पुढे काढून म्हणाला, "उन सेज्जोलोने, पेर फावोरे." बाळाची उंच खुर्ची आली. बाबा असा फुलला, की खुर्ची जणू त्यानेच घडवली होती. मग त्याने अर्धी प्लेट मागितली, बिनचीजचा पास्ता मागितला, जास्तीचे नॅपकिन मागितले. दरवेळी तक्त्यावर टिक.

"बाबा, प्लीज स्टॉप," म्हणत अनिका टेबलाखाली सरकली.

आता माझं ऐका. पाच वर्षांत मी हॉटेलात गरम जेवलेली नाही. आपल्याकडे आधी लेकरांना भरवायचं आणि मग आईने गार गोळा गिळायचा. माझ्या आईनेही तेच केलं, आणि वर सगळे त्याला माया म्हणत. रोममध्ये तरी एक वाफाळता घास मिळावा, एवढंच मला हवं होतं. बाकी ते जुने खांब-बिंब नाही दिसले तरी चालतील.

माझा लझानिया आला, अजून बुडबुडे येत होते. मी काटा उचलला, तोच आर्यने पास्ता जमिनीवर लोटून भोकाड पसरलं. सवयीने मी काटा खाली ठेवला. तोंडात पिझ्झा कोंबलेला सिद्धेश प्रेमाने म्हणाला, "अगं, तू पण खाऊन घे ना, गार होतंय."

माझं डोकंच सटकलं. तक्ता ओढून बत्तीसच्या बत्तीस वाक्यं वाचली. मागायचं ह्याने, भरवायचं मी! माझ्यासाठी एक ओळ नव्हती. मी फोनवर शोधली आणि मालकाला हाक मारून म्हटलं, "उन तावोलो पेर उना पेर्सोना." एका माणसासाठी टेबल.

म्हाताऱ्याने पोरांकडे बोट केलं. "अँड दीज?"

"दोज आर हिज," मी सांगितलं.

त्याने खिडकीजवळची खुर्ची ओढून दिली. मी प्लेट उचलून निघाले.

"हिमानी! अगं, हा तोंडच उघडत नाहीये! काय करू, यार?"

"तक्त्यात बघ," मी म्हटलं आणि पाठ फिरवून बसले. मोठ्ठा घास घेतला. जीभ चांगलीच पोळली. इतकं बरं वाटलं, की डोळ्यांत पाणी आलं.