घोटभर उसंत

माझ्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. ठेवणार कसा? पाण्याच्या सुरईला विचारतं कोण! म्हणून आज मी, काचेची सुरई, स्वतःच बोलतेय.

भट्टीत फुंकर घालून मला घडवलं आणि थेट बैठकीच्या दालनात आणून ठेवलं. लांबलचक टेबल; अलीकडे आमचे लोक, समोर नदीपल्याडच्या देशाचे. मी दुभाषी बाईंच्या कोपराशी. कुणाचा पारा चढला, तोंडून वाकडा शब्द गेला, की बाई म्हणायच्या, "थांबा हं, घसा सुकला." सावकाश पाणी ओतायच्या, घोट घ्यायच्या. तेवढ्यात बोलणारा नरमायचा. "बाई, ते राहू द्या. असं सांगा..." दोन्हीकडच्यांना हे ठाऊक होतं, आणि चाललं होतं.

मग भाषांतर करणारं हुशार यंत्र आलं. आणलं थोरल्या साहेबानं. शिपाई साहेबाला पाठीमागे झटपटराव म्हणतात.

"साहेब, ह्याला जरा थांबायला शिकवा," बाई म्हणाल्या.

"घसा तुमचा सुकतो बाई, ह्याचा नाही!"

यंत्र थांबवायचं बटण बाईंच्या हाताशी होतं. मेल्या साहेबानं त्यावर स्वतःच्या हातानं चिकटपट्टी मारली. मी पाहिलं.

धरणाच्या पाण्यावरून बैठक पेटली. आमचे मंत्री दातओठ खात पुटपुटले, "एकदा दरवाजे उघडून बुडवायलाच पाहिजे ह्यांना." त्यांचं तोंड मिटायच्या आत यंत्रानं ते समोरच्यांना त्यांच्या भाषेत, गोड आवाजात ऐकवलं. बाई पट्टी नखांनी ओरबाडतच राहिल्या. समोरचे उठले. संध्याकाळी नदीवरचा पूल बंद.

बाईंची लेक पुलापलीकडे दिलेली. तिचे दिवस भरत आले होते. बाईंची पिशवी भरून तयार होती.

चौकशी झाली. यंत्र निर्दोष, शब्दन् शब्द बरोबर सांगितला म्हणे. पट्टी तर केव्हाच गायब. "बटण हाताशी होतं, बाईंनी दाबलं नाही," झटपटराव बेधडक बोलला. बाईंना काढून टाकलं. सामान न्यायला आल्या, तेव्हाच लेकीचा फोन आला. नातवाचं पहिलं रडणं बाईंनी अलीकडूनच ऐकलं, माझ्यावर हात टेकून.

आता मी झटपटरावाच्या टेबलावर, शेजारी तेच यंत्र. तो फायली आपटतो; माझ्या बुडाला तडा गेलाय. कशीबशी स्वतःला धरून ठेवलंय. मोठे पाहुणे येतील, तो मला काठोकाठ भरायला लावेल, तेव्हा सोडून देईन. त्याचं लाडकं यंत्र भिजेल, मी फुटेन. फुटू दे!

फक्त एक करा. त्या बंद पुलाचं खापर बाईंच्या माथी फोडू नका, यंत्राच्याही नको. ज्याच्या माथी फोडायचं त्याचं नाव झटपटराव.