मामंजींची घंटा

मत्स्यालयात उजाडणं सूर्याच्या हातात नव्हतं. टाक्यांचे दिवे लागले की उजाडलं, विझले की मावळलं. मधल्या काळात सगळं हिरवट, निळं आणि किंचित हलणारं असे. छतावर पाण्याच्या सावल्या सरकत. आत येणारी माणसं कुणी न सांगता हळू बोलायला लागत. तिथे नोकरी करणाऱ्यांना संध्याकाळी घरी गेल्यावर भिंती जरा जास्तच स्थिर वाटत.

पेंग्याला तर रस्तासुद्धा स्थिर वाटे. पेंग्या हे काही त्याचं खरं नाव नव्हे, पण खरं नाव आता फक्त पगाराच्या दिवशी उपयोगी पडे. जागा असतानाही तो नुकताच उठल्यासारखा दिसायचा, म्हणून लहानपणी मावशीने हे नाव ठेवलं, आणि पुढे मावशीनेच त्याला मत्स्यालयात चिकटवला, तेव्हा नावही सोबत आलं. त्याचं काम प्रोग्राम लिहिण्याचं. प्रत्येक टाकीला एक प्रोग्राम होता. पाणी गरम आहे का, हवा सुटते आहे का, दिवा लागला का, हे पाहत बसणारा.

मावशीकडे कासवाची टाकी होती. कासव अवाढव्य, म्हातारं आणि मितभाषी. मावशीचे खरे सासरे तिच्या लग्नाआधीच गेले होते, त्यामुळे सून म्हणून घ्यायचा धाक तिने या कासवाकडून भरून घेतला. ती त्याला मामंजी म्हणे. त्याच्यासमोर मोठ्याने हसत नसे. कोबीचं पान देताना "घ्या ना थोडं" असा आग्रह करी, आणि त्याने मान आत घेतली की दिवसभर आपलं काय चुकलं याचा विचार करत बसे.

सगळे प्रोग्राम एकाच जुन्या यंत्रात राहत आणि आपापलं म्हणणं एकाच लॉगमध्ये, म्हणजे यंत्राच्या रोजनिशीत, धाडत. त्याची पद्धत साधी होती. प्रोग्रामने उठल्यावर यंत्रातल्या ओपनलॉग नावाच्या कारकुनाला एकदा आपलं नाव सांगायचं: मी कासव, मी ईल, मी तारामासा. मग दिवसभर त्याचा जोडीदार सिसलॉग, त्याच्या हाती चिठ्ठ्या देत राहायचं. नाव पुन्हा सांगायची गरज नाही, ते सिसलॉग स्वतः प्रत्येक चिठ्ठीवर डकवतो. फक्त निकड सांगायची. निकडीच्या पायऱ्या ठरलेल्या: सगळ्यात खाली नुसती बडबड, मग माहिती, दखल, इशारा, चूक, गंभीर, त्यावर 'धावा', आणि अगदी वर आणीबाणी, म्हणजे आता यंत्रच बुडतंय, चिठ्ठी वाचायला कुणी उरलं असेल तर नमस्कार.

माणसांच्याही अशा पायऱ्या असतात, असं पेंग्याला वाटे. मावशीचं बोलणं 'धावा'पासूनच सुरू व्हायचं. "अरे चप्पल कुठाय माझी!" हे ती अशा आवाजात विचारी की शेजारच्या खोलीतला माणूस उभा राही. पेंग्या स्वतः जन्मात कधी 'माहिती'च्या वर गेला नव्हता. एकदा त्याच्या शर्टाच्या बाहीने पेट घेतला होता, तेव्हाही तो "इथे थोडं पेटलंय वाटतं," एवढंच म्हणाला होता.

चिठ्ठ्या वाटणारा आणखी एक प्रोग्राम मागे बसलेला असे. चिठ्ठीवरचं नाव आणि निकड पाहून ती कुठे धाडायची ते तो ठरवायचा. नाव 'कासव' आणि निकड 'धावा' असेल, तर मावशीच्या टेबलावर घंटा वाजायची. मावशीने हट्टाने करून घेतलेली सोय होती ती. घंटा बसली त्या दिवशी तिने टाकीवरचा जुना थर्मामीटर काढून अडगळीत टाकला. "आता मामंजींना काही झालं तर ते स्वतः हाक मारतील," ती म्हणाली. घंटा गप्प असली की मावशी सुखात असे.

मग संचालकसाहेबांना कल्पना सुचली. प्रत्येक टाकीपुढे एक कीबोर्ड ठेवायचा. पाहुण्याने मासा पाहावा आणि मनात आलेलं एक वाक्य लिहावं. प्रत्येक टाकीच्या प्रोग्रामने ते वाक्य घ्यावं आणि जपून ठेवावं.

"जमेल ना?" साहेबांनी विचारलं.

"जमेल," पेंग्या म्हणाला. "पण यंत्रात जागा कमी आहे."

"जागा मनात असावी लागते," साहेब म्हणाले आणि निघून गेले.

मनातली जागा यंत्राला जोडता येत नाही, त्यामुळे पेंग्या वहिवाटीच्या मार्गाने गेला. ही वहिवाट त्याच्या घरची. त्याच्या आईने आयुष्यात कधी रिकामा डबा रिकामा राहू दिला नव्हता. चहा संपला की त्या डब्यात बटणं, बटणं संपली की डाळ. कशात काय आहे ते एकट्या आईला ठाऊक असे, आणि घराची सारी सत्ता तिच्याकडे का आहे याचं तेच कारण होतं. पेंग्याने प्रोग्राममध्ये पाहिलं, तर सुरुवातीलाच एक छान ऐसपैस डबा होता: टाकीचं नाव ठेवलेला. नाव तर ओपनलॉगला सांगून झालं. काम संपलं. त्याने तोच डबा रिकामा केला आणि पाहुण्यांची वाक्यं त्यात ठेवायला सुरुवात केली. घरी जाताना त्याला आईची आठवण आली आणि बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी लॉगमध्ये वेगळीच हवा होती. आधी तिथे "ईल: दिवा लागला" असलं काहीतरी असे. आता तिथे लिहिलं होतं:

"मला घरी जायचं नाही: दिवा लागला."

"हा माझ्या साहेबासारखा दिसतो: हवा सुटते आहे."

"आपण इथेच भेटायचो: सर्व ठीक."

पेंग्याने ओळी पुन्हा वाचल्या. चिठ्ठ्या त्याच होत्या. फक्त टाक्यांनी आपली नावं टाकून माणसांची मनं धारण केली होती. हे असं का झालं ते शोधायला हवं, असं तो 'माहिती'च्या पातळीवर पुटपुटला. तेवढ्यात मागून संचालकसाहेबांनी डोकावलं आणि त्यांचा चष्मा ओला झाला.

"हे तू लिहिलंस?"

"नाही. हे आपोआप होतंय. बहुतेक काहीतरी..."

"आपोआप!" साहेब म्हणाले. "हात लावायचा नाही याला."

संध्याकाळपर्यंत कासवाच्या टाकीशेजारच्या भिंतीवर एक भलामोठा स्क्रीन लागला आणि त्यावर लॉग वाहू लागला. माणसं लोटली. मासे बघायला आलेली माणसं माशांकडे पाठ करून उभी राहत. "चुकलंच माझं: पाणी बदललं," असं आलं की कुणीतरी नाक ओढे. एक जोडपं भांडत आलं आणि "तिने फोन उचलला नाही: हवा सुटते आहे" वाचून समेट करून गेलं. ईल आणि तारामासे कुतूहलाने माणसांच्या पाठी बघत.

त्याच आठवड्यात मामंजींनी कोबी सोडला.

आधी अर्धं पान उरलं. मग पूर्ण. मग मामंजी तळाशी एका कोपऱ्यात जाऊन बसले ते बसलेच. मावशीने आग्रह केला, मनधरणी केली, रुसून पाहिलं. पशुवैद्य बाई आल्या, कोपरापर्यंत हातमोजे चढवून त्यांनी मामंजींना उलटसुलट पाहिलं.

"पाणी गार झालेलं नाही ना?"

"छे हो," मावशी म्हणाली. "झालं असतं तर घंटा नसती वाजली?"

"मग हे उदास झालेत," बाई म्हणाल्या. "गर्दी मानवत नसेल. दूर एक संस्था आहे, म्हाताऱ्या कासवांची. तिकडे पाठवा."

साहेबांनी लगेच सही केली. शुक्रवारी ट्रक येणार होता. मावशी टेबलाशी बसून घंटेकडे बघत राहिली.

"इतकी वर्षं केलं मी त्यांचं," ती म्हणाली. आवाज 'माहिती'च्याही खाली गेला होता. "काय खुपतंय ते एकदा सांगितलं असतं तर. घंटा दिली होती ना हाताशी. एकदा वाजवायची."

"त्यांना हात नाहीत, मावशी."

"तू गप रे."

स्क्रीनवर त्याच वेळी आलं: "किती शांत झोपलाय: पाणी थंड होतंय, लवकर या." गर्दीतून हलका उसासा उठला. पेंग्यानेही वाचलं. छान आहे, असं त्याला वाटलं. पाणी थंड होतंय असं तर थंड पाण्यातल्या माशांच्या टाक्या रोजच कळवत. त्यांना ते आवडे. निकड कोणती ते स्क्रीनवर दिसत नव्हतं. ओळ वर सरकली आणि छतावरच्या सावल्यांत विरून गेली.

शुक्रवारी सकाळी पेंग्याच्या घरी भावोजी आलेले होते. ताईचा नवरा मोठा सज्जन माणूस, सासरी आला की चहा स्वतः करायचा. त्याने केला. सगळ्यांनी एक घोट घेतला. सगळ्यांनी कप खाली ठेवले.

"मीठ," ताई म्हणाली.

"अहो असं कसं?" भावोजी म्हणाले. "लग्नात आईंनीच सांगितलं होतं मला. साखर खिडकीजवळच्या तिसऱ्या डब्यात. तेव्हापासून मी तिसऱ्याच डब्यात हात घालतो."

"तेव्हा होती तिथे साखर," आई शांतपणे म्हणाली. "तुम्ही साखर लक्षात ठेवायला हवी होती. तुम्ही डबा लक्षात ठेवलात."

"मग डब्यातलं बदलल्यावर सांगायचं ना!"

"घरच्या माणसाला काय सांगायचं?"

पेंग्या उठून उभा राहिला. त्याच्या डोळ्यांतली झोप एकदम उतरली, तसा ताईने घाबरून त्याच्या कपाळाला हात लावला. ओपनलॉग भावोजींसारखा होता. नाव सांगितलं तेव्हा त्याने नाव लक्षात ठेवलंच नव्हतं. डबा कुठल्या फळीवर आहे तेवढं लक्षात ठेवलं होतं. दर चिठ्ठीला सिसलॉग त्याच डब्यात हात घालत होता आणि जे हाताला लागेल ते डकवत होता. 'कासव' नावाची एकही चिठ्ठी या सगळ्या दिवसांत निघालीच नव्हती. म्हणजे घंटेला...

"चहा तरी..." भावोजी म्हणाले. पेंग्या दाराबाहेर गेला होता.

मत्स्यालयाच्या दाराशी ट्रक उभा होता. ड्रायव्हर मागे पाण्याचा हौद धूत होता. पेंग्या यंत्राशी बसला. पाहुण्यांच्या वाक्यांना त्याने वेगळा डबा दिला. जागा करायला एक जुना खेळ पुसला, जो तो कामाच्या वेळेत खेळत असे आणि ज्याबद्दल आजवर कुणाला माहिती नव्हती. नावाच्या डब्यात नाव परत ठेवलं. तेवढ्यात मागे सावली पडली.

"मी काय सांगितलं होतं?" संचालकसाहेब म्हणाले. "बाहेर दोनशे माणसं उभी आहेत. हात काढ."

"साहेब, कासवाची हाक..."

"हात काढ म्हणतो ना!"

पेंग्याने तोंड उघडलं. आत शोधलं. माहिती, दखल, इशारा, चूक, गंभीर या पायऱ्या तो भराभर चढला. तिथे तो कधी गेलेला नसल्याने जिना थोडा अंधारा होता.

"धावा!" तो ओरडला.

साहेब खुर्चीवर बसले. बाहेर ड्रायव्हरच्या हातून पाइप पडला. शेजारच्या टाकीतले बारके मासे एकसाथ दुसरीकडे वळले. पेंग्याने प्रोग्राम पुन्हा सुरू केला, आणि मावशीच्या टेबलावर घंटा वाजली.

वाजली ती थांबेना. मावशी धावत आली, तिने कधी नव्हे ते हातमोजा काढला आणि मामंजींच्या पाण्यात हात घातला.

"अगं बाई! हे तर बर्फ झालंय!"

मग टाकीच्या हीटरची वायर धरून तिघं निघाली: पुढे मावशी, मागे पेंग्या, त्याच्या मागे साहेब, कारण आपण कशाच्या मागे चाललो आहोत ते साहेबांना पाहायचं होतं. वायर टाकीमागून गेली, खांबाला वळसा घालून भिंतीशी आली, आणि तिचा प्लग जमिनीवर मोकळा पडलेला सापडला. वरच्या सॉकेटमध्ये दुसराच प्लग होता. त्याची वायर धरून वर पाहिलं, तर ती भिंतीवरच्या भल्यामोठ्या स्क्रीनमध्ये जात होती.

स्क्रीनवर त्या क्षणी एकाखाली एक येत होतं: "कासव: पाणी थंड होतंय, लवकर या. कासव: पाणी थंड होतंय, लवकर या." गर्दीतले एक गृहस्थ म्हणाले, "आज तेवढी मजा नाही."

"बंद केलं तर लोक काय म्हणतील?" साहेबांनी क्षीणपणे विचारलं.

मावशीने त्यांच्याकडे मामंजींकडेही कधी न पाहिलेल्या नजरेने पाहिलं. साहेबांनी खाली वाकून आपल्या हाताने प्लग उपटला. स्क्रीन काळा झाला. दोनशे माणसं हळहळली, आणि पुढे बघायला काही उरलं नाही म्हणून मागे वळली. मागे मासे होते.

पाणी कोमट व्हायला दुपार झाली. ड्रायव्हरला परत जा असं कुणी सांगितलंच नाही. तो आत येऊन टाकीसमोरच्या बाकावर बसला होता आणि त्याच्या तोंडावरून हिरवा उजेड हलत होता. घंटा कधी थांबली ते कुणाच्या लक्षात आलं नाही. मामंजींनी मान बाहेर काढली, तळ सोडला आणि मोठ्या संथपणे, जणू मधले सगळे दिवस हाच एक श्वास घेण्यात गेले, वर आले.

"घ्या ना थोडं," मावशी म्हणाली.

त्यांनी घेतलं. मावशी मोठ्याने हसली, मग चटकन तोंडावर हात ठेवला.

पेंग्या यंत्राशी जाऊन बसला. लॉगमध्ये शेवटची ओळ होती, "कासव: सर्व ठीक." निकड माहिती. त्याच्या घशात अजून थोडं दुखत होतं. पाहुण्यांच्या वाक्यांच्या नव्या डब्यात एकच वाक्य आलेलं होतं, कासवासमोरच्या कीबोर्डवरून, एका बोटाने सावकाश लिहिलेलं: "ट्रक चुकीच्या जागी उभा आहे, पण मी बसतो थोडा वेळ."

पेंग्याने ते तिथेच राहू दिलं आणि डोळे मिटले.